वंध्यत्व : तपासणीचा उलटा क्रम

लोकसंख्येचा प्रश्न म्हटला म्हणजे जन्म कमी करण्याचाच प्रश्न आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर उमटला, शस्त्रक्रियांची उद्दिष्टे ठरली, आणि त्या उद्दिष्टांपायी १९७५ ते १९७७ या काळात जो अतिरेक झाला तोही देशाने पाहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका खाली आला आहे. या सत्तर वर्षांच्या खटाटोपात एक गोष्ट मात्र मागे राहून गेली. ज्यांना मूल हवे आहे आणि होत नाही, त्यांना साहाय्य करणे हाही कुटुंबनियोजनाचाच भाग आहे, याचा विसर शासनाला पडला आणि समाजालाही पडला.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढ माणसांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे सहांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. श्रीमंत देश आणि गरीब देश यांत हे प्रमाण फारसे निराळे नाही. निराळी आहे ती उपचार परवडण्याची शक्ती. सातारा जिल्ह्यातील माण आणि त्याला लागून असलेली सांगली जिल्ह्यातील आटपाडी या अवर्षणग्रस्त मुलखात तर ती फारच तोकडी. शेती पावसावर, पाऊस बेभरवशाचा, आणि घरातील कर्ता पुरुष बहुधा पोटासाठी परमुलखात. अशा घरात मुलासाठी जो पैसा खर्च होतो तो शेळ्यामेंढ्या विकून, दागिना गहाण टाकून किंवा व्याजाने काढून उभा केलेला असतो. हा पैसा आणि त्याहूनही मोलाची वर्षे आपण चुकीच्या क्रमाने खर्च करतो, हे या लेखात मांडावयाचे आहे.

शब्दातच दडलेला निवाडा

‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठी वापरतो, जमिनीसाठी वापरतो, झाडासाठी वापरतो. पुरुषासाठी तो वापरलेला सहसा ऐकू येत नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते नपुंसकत्वाचे, म्हणजे निराळ्याच व्याधीचे आहेत. शरीरसंबंधास पूर्ण समर्थ असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू कमी असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. या अवस्थेला बोली मराठीत सोयीचे नावच नाही. परिणामी मूल झाले नाही म्हणजे दोष बाईचा, असा निवाडा भाषेनेच तपासणीपूर्वी देऊन टाकलेला असतो. आणि पुरुषाला तपासणीस चल म्हणणे म्हणजे त्याच्या पौरुषावर शंका घेणे, असे मानले जाते.

या निवाड्याला धर्मशास्त्राचे पाठबळ होते. मनुस्मृतीने वंध्या स्त्रीच्या पतीला आठव्या वर्षी दुसरी पत्नी करण्याची मुभा दिली. पुरुष वंध्य असेल तर काय, याचा विचार पुत्रप्राप्तीच्या सोयीपुरता, नियोगाच्या रूपाने झाला. कायद्याने ही मुभा काढून घेतली ती अलीकडे. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न बेकायदा ठरले. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही, हेही पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते.

आणि याच जिल्ह्याच्या मातीत या निवाड्याला दिलेले उत्तरही सापडते. जोतीराव फुले यांचे मूळ गाव माणच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. १८४० मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही. नातलगांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला आणि जोतीरावांनी तो साफ नाकारला, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. दोष पुरुषात निघाला तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल काय, असा त्यांचा उलट सवाल होता म्हणतात. वीर्यतपासणी ही चीज त्या काळी नव्हती. तरीही दोष दोघांपैकी कोणातही असू शकतो, हे त्यांनी केवळ न्यायबुद्धीने ओळखले होते. आज शास्त्र हाताशी असताना आपण त्यांच्या मागे असावे, हे लाजिरवाणे आहे.

कारणे कोणाकडे किती

बारा महिने एकत्र राहून, कोणतेही संततिप्रतिबंधक साधन न वापरता गर्भधारणा झाली नाही तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय पस्तिसाच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच सल्ला घ्यावा असे सांगितले जाते. कारणांची ढोबळ विभागणी अशी : सुमारे एकतृतीयांश जोडप्यांत कारण स्त्रीकडे, साधारण तितक्याच जोडप्यांत पुरुषाकडे, आणि उरलेल्यांत दोघांकडे किंवा तपासणीअंतीही न उलगडणारे.

स्त्रीच्या बाबतीत पहिली शंका असते ती बीजकोशातून दरमहा स्त्रीबीज बाहेर पडते की नाही याची. पीसीओडी या नावाने आता खेड्यातही परिचित झालेला विकार, थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ ही त्याची नेहमीची कारणे असून त्यांवर औषधे आहेत. दुसरे कारण गर्भनलिका बंद असणे. आपल्या देशात याचा क्षयरोगाशी निकटचा संबंध आहे. जननमार्गाचा क्षय खोकल्याशिवाय, तापाशिवाय वर्षानुवर्षे मुकाट्याने नलिका निकामी करीत राहतो. अस्वच्छ बाळंतपण किंवा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग हेही एक कारण. याखेरीज गर्भाशयातील गाठी, एंडोमेट्रिओसिस आणि सर्वांत निर्णायक असे वय. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. पस्तिशीनंतर तो संख्येने व गुणाने झपाट्याने उतरतो.

पुरुषाच्या बाबतीत अंडकोशाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेली गालगुंडे, जन्मजात दोष, जंतुसंसर्ग, तंबाखू व दारू ही कारणे आहेत. शुक्रजंतूंच्या निर्मितीला शरीराहून थोडे कमी तपमान लागते. म्हणून सततची उष्णता घातक ठरते. शिशासारखे धातूही शुक्रजंतूंना मारक आहेत. माण, आटपाडी, खानापूर या भागांतून गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेल्या तरुणांनी ही गोष्ट विशेषेकरून ध्यानात घ्यावी; सोन्याचांदीच्या भट्टीपुढे, कोंदट खोलीत त्यांचे दिवस जातात. दुसरी गोष्ट तालमी व व्यायामशाळांतील मुलांसाठी. शरीर लवकर भरावे म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली म्हणजे मेंदूकडून अंडकोशाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण बंद पडते. दंड फुगलेले आणि वीर्य रिकामे, ही अवस्था औषधांनी ओढवून घेतलेली असते. इंजेक्शने थांबविल्यावर ती बहुधा सुधारते, पण त्यास महिने लागतात.

रजेचे गणित

वैद्यकीय व्याख्येत ‘एकत्र राहून’ हे शब्द आहेत, आणि माणदेशात नेमके तेच घडत नाही. नवरा सैन्यात, गलाईवर, मुंबईत हमालीवर नाही तर मालमोटारीवर. बायको गावी सासूसासऱ्यांपाशी. लग्नाला तीन वर्षे झाली म्हणून कुजबूज सुरू होते. त्या तीन वर्षांत पतिपत्नी किती महिने एका घरात होती, हे कोणी मोजत नाही.

हे गणित सोपे आहे. निरोगी तरुण जोडप्यात एका मासिक चक्रात गर्भ राहण्याची शक्यता शेकडा वीस ते पंचवीस असते. वर्षभर एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे पंच्याऐंशींना वर्षाच्या आत दिवस जातात. आता समजा, नवरा वर्षातून दोनच महिने घरी असतो. चक्रागणिक शेकडा वीस ही शक्यता धरली तर दोन चक्रांत ती शेकडा ३६ होते. शिवाय स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकते, शुक्रजंतू पाचएक दिवस. म्हणजे दर महिन्यात अनुकूल असे जेमतेम सहा दिवस. पाळी नियमित असेल तर ते पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधीच्या सुमारास येतात. पंधरा दिवसांची रजा या दिवसांना चुकवून गेली की ती, या दृष्टीने, व्यर्थच. अशा जोडप्याला सर्वप्रथम हवे असते ते एकत्र राहणे. मुलीचे लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी लावून अठराव्या वर्षी तिला वांझ ठरविणारी घरे तर दुहेरी दोषी आहेत.

स्वस्त तपासणी शेवटी

आता खर्चाकडे वळू. प्रत्यक्षात काय घडते? प्रथम शिंगणापूरच्या शंभू महादेवाला किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस. श्रद्धेविषयी वाद नाही. नवसाने कोणाचे नुकसान होत नाही. पण नवसाबरोबर देवऋषी येतो, अंगारे येतात, मुळ्या येतात, आणि दोनतीन वर्षे जातात. त्यानंतर सुनेला दवाखान्यात नेले जाते. रक्त, सोनोग्राफी, ‘पिशवी धुण्या’चे क्युरेटिंग, नलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. डॉक्टर बदलला की हीच माळ नव्याने. क्षयाच्या तपासणीसाठी गर्भाशयातील पेशींचा नमुना घेणे निराळे. पण केवळ मूल व्हावे म्हणून वारंवार पिशवी धुणे हा वंध्यत्वावरील उपचार नव्हे, उलट त्याने आतले अस्तर दुखावण्याचा धोका असतो. आणि या सर्वांनंतर, बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षी, नवऱ्याचे वीर्य तपासले जाते.

वस्तुतः वीर्यतपासणीला काही शेकडा रुपये लागतात. भूल नाही, छेद नाही, दोन ते सात दिवसांचे ब्रह्मचर्य एवढीच पूर्वतयारी. सूक्ष्मदर्शकाखाली संख्या, हालचाल व आकार पाहिला की तासाभरात पुष्कळसा उलगडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही संख्येची खालची मर्यादा धरलेली आहे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने मधल्या आजारपणाचाही परिणाम दिसतो. म्हणून अहवाल सदोष आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मगच निष्कर्ष काढावा.

ज्या तपासणीस सर्वांत कमी पैसा, कमी वेळ व कमी वेदना लागते आणि जिच्यातून जवळजवळ निम्म्या जोडप्यांविषयी काही निश्चित कळू शकते, ती प्रथम करावयाची, हा काटकसरीचा साधा नियम आहे. बाजारात बैल घेताना माणचा शेतकरी हा नियम पाळतो. खिलार जनावरांत ‘म्हसवड’ आणि ‘आटपाडी महाल’ अशा नावांनी ओळखले जाणारे प्रकार याच मुलखाने जोपासले. गाई गाभण राहात नसतील तर वळू तपासावा, हे इथल्या गोठ्यात कोणास सांगावे लागत नाही. गोठ्यातले हे शहाणपण माजघरात मात्र लाजेखातर येत नाही. या लाजेची किंमत स्त्री मोजते. तिचे तिशीतले एक वर्ष गेले की ते कोणत्याही कर्जाने परत आणता येत नाही.

उपचारांच्या पायऱ्या

कारण कळले की उपचार पायरीपायरीने करता येतात. स्त्रीबीज तयार होत नसेल तर क्लोमिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या. या स्वस्त असतात, पण सोनोग्राफीच्या देखरेखीखाली व ठरावीक महिनेच घ्यावयाच्या. क्षय असेल तर आधी क्षयाचा उपचार. शिरा फुगल्या असतील तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया. शुक्रजंतू थोडे कमी असतील तर वीर्य प्रयोगशाळेत शुद्ध करून गर्भाशयात सोडण्याची ‘आययूआय’ पद्धत; तिचे यश दर वेळी शेकडा दहा-पंधराच्या आसपास. नवरा दूर राहात असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याचीही सोय होते.

नलिका पूर्ण बंद असतील किंवा अन्य उपाय थकले असतील तर ‘आयव्हीएफ’, म्हणजे बोलीभाषेतील टेस्ट ट्यूब बेबी. शरीराबाहेर स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचा संयोग करून गर्भ गर्भाशयात ठेवावयाचा. या पद्धतीने जगातील पहिले मूल इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपविले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. याच आनंदकुमारांनी नंतर मुखोपाध्यायांचे कागद तपासून, पहिला मान त्यांचा, असे मोठ्या मनाने जाहीर केले. १९९२ पासून एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्याची ‘इक्सी’ पद्धत आली आणि अत्यल्प शुक्रजंतू असलेल्या पुरुषांनाही स्वतःचे मूल होणे शक्य झाले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईतील ते यश महानगरपालिकेच्या रुग्णालयात, सार्वजनिक पैशातून मिळाले होते. त्यानंतरच्या काळात मात्र ही विद्या प्रामुख्याने खासगी केंद्रांकडे गेली. तेथे एका फेरीचा खर्च औषधांसह सहज लाखाच्या वर, पुष्कळदा दोन लाखांच्या घरात जातो. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार वगळलेल्या यादीत आहेत. गोव्याने मात्र २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा विनामूल्य सुरू करून, हे सार्वजनिक रुग्णालयातूनही करता येते, हे दाखवून दिले.

आशेचा बाजार

बसस्थानकावरील फलक आणि तालुक्याच्या गावी भरणारी ‘मोफत शिबिरे’ यशाचे आकडे मोठ्या अक्षरांत सांगतात. असा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारावेत : यश म्हणजे गर्भधारणा की जिवंत मूल हाती येणे? आणि शेकडा म्हणजे कोणाच्या शेकडा. उपचार सुरू केलेल्या सर्वांच्या, की गर्भ ठेवण्याच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या? पस्तिशीच्या आतील स्त्रीला एका फेरीत मूल होण्याची शक्यता ढोबळमानाने तिनांत एक. चाळिशीनंतर स्वतःच्या स्त्रीबीजांनी ती दहांत एक किंवा त्याहूनही कमी. फेरीगणिक शेकडा तीस धरले तर तीन फेऱ्यांअंती सुमारे ६६ जोडप्यांना यश येईल. उरलेल्या ३४ जोडप्यांचे पाचसहा लाख गेलेले असतील. गेलेला पैसा गेला. पुढील फेरीचा निर्णय पुढील शक्यतेवरूनच घ्यावा, आधी एवढे घातले म्हणून नव्हे. फेऱ्या किती करावयाच्या हे पतिपत्नींनी आरंभीच ठरवावे.

२०२१ साली संमत झालेला आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेला साहाय्यक जननतंत्राचा कायदा या बाजाराला काही वेसण घालतो. केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. लेखी संमती आवश्यक आहे. स्त्रीबीजदात्री आयुष्यात एकदाच दान करू शकते. आणि लिंगनिवडीस पूर्ण बंदी आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. गरजेपोटी दुसऱ्या स्त्रीचा गर्भाशय भाड्याने घेण्याचा व्यवहार त्याच वर्षीच्या स्वतंत्र कायद्याने बंद झाला असून सरोगसीला केवळ निरपेक्ष स्वरूपात परवानगी आहे.

दत्तक आणि आपले कर्तव्य

सर्व उपाय करूनही काही जोडपी निपुत्रिक राहतील. दत्तकाचा प्रश्न सातारकरांना नवा नाही. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे तथा आप्पासाहेब यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. तो दत्तक गादीसाठी होता. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये घेतलेला दत्तक निराळा होता. एका फसविल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला मानला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना घेऊन ज्या दवाखान्यात येत, तो त्याचाच होता. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते. आज अनाथ मुलासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावर नोंदणी करावी लागते आणि अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा मोठी असते. म्हणून हा विचार सर्व पैसा संपल्यावर नव्हे, वेळेवर करावा.

शासनाकडे मागणी एकच आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्षयाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक पोचलेला आहे. तंत्रज्ञाला थोडे प्रशिक्षण देऊन तेथेच वीर्यतपासणी आणि आठवड्यातून एक दिवस जोडप्यांसाठी सल्लाकक्ष ठेवणे मोठ्या खर्चाचे काम नाही. साताऱ्याची, पुण्याची एक खेप वाचली तरी रोजंदारीवरच्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

उरलेले काम शासनाचे नाही. प्रत्येक खेड्यातल्या कुटुंबात एखादा शिक्षक, एखादा कारकून, कॉलेजात शिकणारा एखादा भाचा किंवा पुतणी असते, आणि दवाखान्याचा विषय निघाला की घर त्यांच्याकडे पाहते. सुनेला कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, असे त्यांना विचारले जाईल तेव्हा त्यांनी एवढेच सांगावे की, दोघांनी बरोबर जावे, आणि पहिल्याच दिवशी दोघांचीही तपासणी व्हावी.